पश्चात्ताप आणि पुनःस्थापना : पस्तावणं, परतणं आणि आत घेतलं जाणं



या मालिकेत आधी आपण 'पाप' या संकल्पनेचा विचार केला, त्यानंतर 'कृपा' या संकल्पनेचा. आज या दोहोंच्या मधला रस्ता बघायचा आहे. माणूस चुकतो, पडतो. आणि देव कृपाळू आहे, असं ख्रिस्ती श्रद्धा सांगते. ठीक आहे. पण पडलेला माणूस तिथून इथपर्यंत येतो कसा? त्यासाठी त्याला काय करावं लागतं, देव काय करतो, आणि आजूबाजूच्या माणसांचा त्यात काही वाटा असतो की नाही? आजचा विषय एवढाच आहे, पण तो दिसतो तितका सोपा नाही.

आपलं म्हणणं आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे वाट चुकणार नाही. ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप म्हणजे नुसती मनाची जळजळ नव्हे, ते परतणं आहे. परतणाऱ्याला कोणीतरी आत घ्यावं लागतं, एकट्याने ते पुरं होत नाही. आणि आत घेणं म्हणजे झालेलं पुसून टाकणं नव्हे. या तीन गोष्टी आज उलगडून पाहू.

शब्दापासून सुरुवात

मराठी बायबलमध्ये जो शब्द रूढ झाला तो 'पश्चात्ताप'. फोड करून बघा : पश्चात् आणि ताप. नंतर होणारा ताप, मागाहून पोळणं. बोलीत आपण 'पस्तावा' म्हणतो. आणि पस्ताव्याबद्दल आपली भाषा काही फार आशेने बोलत नाही. 'आता पस्तावून काय उपयोग?' असं आपण सहज म्हणून जातो. बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हणच आहे. म्हणजे आपल्या बोलण्यात पस्तावा हा उशिरा येणारा आणि निरुपयोगी पाहुणा आहे.

आता याची तुलना मूळ भाषांतल्या शब्दांशी करू. जुन्या करारात, म्हणजे हिब्रू ग्रंथांत, संदेष्टे वारंवार जे क्रियापद वापरतात ते आहे 'शूव'. त्याचा अर्थ अगदी रोजचा आहे : मागे फिरणं, परत येणं. शेतावरून माणूस घरी येतो, तेव्हाही हेच क्रियापद. यावरूनच यहुदी परंपरेतला 'तेशुवा' हा शब्द आला. नव्या करारात ग्रीक शब्द येतो 'मेटानोइया'. नोऊस म्हणजे मन, बुद्धी. तिचं बदलणं, दिशा पालटणं. या दोन्ही शब्दांच्या घडणीत ताप नाही हे लक्षात घ्या. एकात पाय वळतात, दुसऱ्यात मन वळतं.

म्हणजे आपला शब्द चुकीचा आहे का? नाही. आपल्याकडेही जाणत्यांना हा फरक ठाऊक होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा विचार आहे, तिथे संतापाबरोबर निवृत्तीही सांगितली आहे : मनाला चटका बसला पाहिजे हे खरंच, पण पुन्हा असं करणार नाही म्हणून माणूस त्या कर्मातून मागे फिरतो तेव्हा तो शुद्ध होतो. तेव्हा 'पश्चात्ताप' हा शब्द ठेवू, फक्त त्यातल्या तापाला वळणाची जोड द्यायची हे विसरायला नको.

शब्दाच्या अर्थावरून इतिहास कसा हलतो याचंही एक उदाहरण आहे. पश्चिम युरोपात हजारभर वर्षं बायबल वाचलं जात होतं ते लॅटिनमधून. तिथे मेटानोइयाच्या आज्ञेचं भाषांतर अशा शब्दांत झालं होतं की त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असाही लागे. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावं असा नियम घातला. निवेदन, मुक्तीचं वचन, ठरवून दिलेलं प्रायश्चित्त, अशी एक पद्धत पक्की झाली. मग पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाला या पंडिताने ग्रीक शब्दाकडे बोट दाखवलं, आणि १५१६मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला. पुढच्याच वर्षी, १५१७मध्ये, मार्टिन ल्यूथरने पंच्याण्णव मुद्दे मांडले. त्यातला पहिलाच मुद्दा काय होता? ख्रिस्ताने पश्चात्ताप करायला सांगितलं तेव्हा त्याला श्रद्धावंताचं सबंध आयुष्यच अभिप्रेत होतं, एखादा विधी नव्हे. बघा, एका शब्दाच्या अर्थावरून केवढं वादळ उठलं!

दोन शिष्य, एकच रात्र

आता शब्द बाजूला ठेवून माणसांकडे वळू. पश्चात्तापाचा अभ्यास करायचा तर एकाच रात्री पडलेले दोन शिष्य शेजारी ठेवून पाहावेत. एक यहूदा इस्कर्योत, दुसरा पेत्र. यहूदाने गुरूला धरून दिलं. पेत्राने, मी त्याला ओळखत नाही, असं तीनदा सांगितलं. आपण पटकन म्हणतो, यहूदा वाईट होता आणि पेत्र मुळात चांगला. पण शुभवर्तमान इतकं सोपं करून सांगत नाही.

मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाचं पुढे काय झालं ते आहे. येशूला दोषी ठरवलं गेलं हे पाहून यहूदा पस्तावला. तो मुख्य याजकांकडे गेला. आपण निर्दोष माणसाचं रक्त धरून दिलं, हे पाप झालं, असं तो त्यांच्यासमोर उघड बोलला. आणि मिळालेली तीस रुपयांची, म्हणजे चांदीच्या तीस नाण्यांची, रक्कम त्याने परत केली.

इथे जरा थांबू. मध्ययुगातील धर्मशास्त्रज्ञांनी पश्चात्तापाची तीन अंगं सांगितली : अंतःकरणातलं दुःख, तोंडाने कबुली आणि कृतीने भरपाई. आता मोजा. यहूदाकडे दुःख होतं? होतं. कबुली दिली? दिली. पैसे परत केले? केले. तिन्ही अंगं पुरी झाली! मग कमी काय पडलं?

काही अभ्यासक म्हणतात की यहूदासाठी मत्तयाने मेटानोइयाचं क्रियापद न वापरता दुसरंच वापरलं आहे, 'मेटामेलोमाइ', म्हणजे नुसतं वाईट वाटणं. म्हणून त्याचा पश्चात्ताप खरा नव्हता. हे ऐकायला छान वाटतं. पण याच मत्तयाने एकविसाव्या अध्यायात एका दाखल्यात हेच क्रियापद चांगल्या अर्थाने वापरलं आहे : बापाला आधी नाही म्हणणारा आणि नंतर मन बदलून मळ्यात कामाला जाणारा मुलगा. तेव्हा एकट्या शब्दावर निकाल लावता येणार नाही. फरक आहे तो दोघं कुठे गेले यात.

यहूदा गेला तो याजकांकडे. त्यांचं उत्तर काय? आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. ज्यांचं कामच पाप्याला देवाकडे आणण्याचं, त्यांनी दार लावून घेतलं. आणि ज्याच्याविरुद्ध अपराध केला त्याच्याकडे परत जाण्याइतका, किंवा तीन दिवस थांबण्याइतका, धीर यहूदाला उरला नाही. तो एकटा गेला आणि एकट्यानेच त्याने जीवन संपवलं. जळण्यापर्यंत सगळं झालं, परतणं झालं नाही. आणि जिथे तो परतू पाहत होता तिथे त्याला आत घेणारं कोणी नव्हतं.

आता पेत्र. तोही बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पण पुढे तो कुठे सापडतो? इतर शिष्यांमध्ये. लाज घेऊन का होईना, तो त्यांच्यातच राहिला, आणि त्यांनीही त्याला घालवून दिलं नाही. मार्काच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो तो असा : त्याच्या शिष्यांना सांगा, आणि पेत्राला सांगा. पेत्र शिष्यांमध्येच धरला होता की! मग नाव वेगळं का घेतलं? कारण 'शिष्य' म्हटल्यावर आपण त्यात मोडतो का, अशी शंका त्या वेळी एकट्या पेत्रालाच असणार. असं आमचं वाचन आहे.

मग योहानाच्या एकविसाव्या अध्यायातला समुद्रकाठचा प्रसंग. पहाटेची वेळ, किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे. ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवासाठी जो शब्द आहे, 'अँथ्राकिया', तो सबंध नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथे, आणि एकदा अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यातल्या अंगणात, जिथे शेकत उभं असताना पेत्राने येशूला नाकारलं. म्हणजे पेत्राला पुन्हा तशाच विस्तवापाशी आणलं आहे. आणि तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारलं आहे : तू माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असं योहान सांगतो. होणारच. जखमेवरच बोट ठेवलं होतं.

यात काय नाही ते बघा. 'असं का केलंस?' हा प्रश्न नाही. 'जाऊ दे, झालं ते झालं' हेही नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर काय आहे? काम. माझी मेंढरं सांभाळ. पुनःस्थापनेचं हे सगळ्यात स्वच्छ चित्र आहे. जुनी गोष्ट दडपली नाही, तिच्यातून त्याला नेलं. आणि पलीकडे नुसती माफी नव्हती, विश्वासाने सोपवलेली जबाबदारी होती.

आणि त्यानंतर पेत्र कायमचा निर्दोष झाला का? तर नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात पेत्र लोकांच्या भीतीने पुन्हा कचरला, परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीतून मागे सरला, आणि पौलाला त्याला तोंडावर सुनवावं लागलं. पुनःस्थापना म्हणजे पुन्हा न पडण्याची हमी नव्हे. पुन्हा उठायला जागा आहे, एवढीच ती खात्री.

घडलेलं बदलता येतं का?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे आक्षेप घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो की घडून गेलेल्या गोष्टीबद्दल कोणी विचारविनिमय करत नाही, कारण घडलेलं न घडलेलं करणं देवालाही शक्य नाही. स्पिनोझा तर आणखी पुढे जातो. १६७७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'नीतिशास्त्रा'च्या चौथ्या भागात तो म्हणतो की पश्चात्ताप हा सद्गुणच नव्हे. पस्तावणारा माणूस दोनदा दुबळा असतो, एकदा वाईट करताना आणि एकदा त्याचं दुःख करताना. आक्षेप वजनदार आहे. जे बदलत नाही त्यासाठी रडायचं कशाला?

याला विसाव्या शतकात माक्स शेलर या जर्मन तत्त्वज्ञाने दिलेलं उत्तर विचार करण्यासारखं आहे. तो म्हणतो, घटना बदलत नाही हे खरं. पण माणसाचं आयुष्य म्हणजे घटनांची नुसती माळ नव्हे. आयुष्य संपत नाही तोवर प्रत्येक घटनेचा एकूण अर्थ अपुरा असतो. एखाद्या गाण्यात सुरुवातीला लागलेला विसंगत सूर पुढच्या स्वरांमुळे वेगळा ऐकू येऊ शकतो ना, तसं समजा. हे उदाहरण आमचं आहे. पेत्राने नाकारलं ही घटना दोन हजार वर्षांनीही तिथेच आहे, चारही शुभवर्तमानांनी ती लपवली नाही. पण ती आता 'भेकड शिष्याची कथा' राहिली नाही. ती पडलेल्यांना सांभाळणाऱ्या मेंढपाळाची कथा झाली.

ख्रिस्ती श्रद्धा इथे आणखी एक गोष्ट जोडते : हा नवा अर्थ माणूस स्वतःच्या जोरावर देऊ शकत नाही. एक्कावन्नाव्या स्तोत्राला परंपरेने दावीदाचं स्तोत्र मानतात. बथशेबेचं प्रकरण आणि उरियाची हत्या यानंतर नाथान संदेष्ट्याने दावीदाला आरसा दाखवला, तेव्हाचं. त्यात शुद्ध हृदयाची याचना आहे, आणि तिथे हिब्रू क्रियापद आहे 'बारा'. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, तिथे हेच क्रियापद आहे. जुन्या करारात या रूपातल्या क्रियापदाचा कर्ता नेहमी देवच असतो. म्हणजे दावीद डागडुजी मागत नाही, तो नवनिर्मिती मागतो आहे. पुनःस्थापनेला 'दैवी' का म्हणायचं, ते इथे कळतं.

कार्थेजचा पेच

आतापर्यंत आपण एकेकट्या माणसांबद्दल बोललो. पण हजारो माणसं एकाच वेळी पडली तर? इतिहासात असं झालं आहे. इसवी सन २४९च्या अखेरीस रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांसमोर तसं केल्याचा दाखला घ्यावा. हे दाखले पपायरसवर लिहिलेले असत. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. सरकारी कागदासारखा ठरावीक मजकूर, खाली साक्षीदारांच्या सह्या. वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या काही ओळींवर कोणाचं तरी जगणं-मरणं ठरत होतं.

पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी फक्त धूप घातला. काहींनी चलाखी केली : बळी दिला नाही, पण पैसे चारून दाखला मिळवला. काही मात्र तुरुंगात गेले, छळ सोसला, मेले. २५१मध्ये डेशियस लढाईत मारला गेला, छळ ओसरला, आणि मग पडलेले सगळे दारात येऊन उभे राहिले : आम्हाला परत घ्या.

उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिशियात. तिथला बिशप होता सिप्रियन. त्याची स्वतःची स्थिती अवघड होती. छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि पत्रांतून मंडळी चालवत होता, त्यावरून त्याला टोमणे बसत. त्याच्यापुढे तीन मतं होती.

पहिलं मत सौम्य. तुरुंगात छळ सोसलेल्यांना मोठा मान होता. ते पडलेल्यांसाठी शिफारसपत्रं देऊ लागले, यांना घ्या म्हणून. त्यातली काही पत्रं तर अशी की अमक्याला त्याच्या माणसांसह घ्यावं. आता 'माणसं' म्हणजे वीस की तीस, कोण मोजणार! ना विचारपूस, ना पश्चात्ताप.

दुसरं मत कडक. रोममध्ये नोव्हेशियन हा विद्वान धर्मगुरू म्हणाला, ज्यांनी ख्रिस्ताला नाकारलं त्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करीलही. पण मंडळीने त्यांना पुन्हा आत घेऊ नये. त्याच्या अनुयायांनी स्वतःला 'शुद्ध' म्हणवून घेतलं, आणि त्यांचा वेगळा पंथ पुढे काही शतकं टिकला.

तिसरा मार्ग सिप्रियनचा, आणि २५१मध्ये कार्थेजला जमलेल्या बिशपांच्या परिषदेचा. प्रत्येकाची वेगळी चौकशी करा. ज्यांनी नुसता दाखला घेतला होता त्यांना, तपासून, आत घ्या. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी दीर्घ काळ पश्चात्तापात राहावं, पण मरणाच्या दारात त्यांना नाकारू नका. पुढे नव्या छळाची चिन्हं दिसू लागली तेव्हा परिषदेने हाही नियम सैल केला आणि पश्चात्तापात टिकलेल्या सगळ्यांना आत घेतलं. कारण काय दिलं? उद्या ज्यांना लढायचं आहे त्यांना आज निःशस्त्र आणि उपाशी कसं ठेवायचं?

या वादात खरं काय पणाला लागलं होतं ते बघा. नोव्हेशियनचं म्हणणं तर्काला धरून आहे : देव क्षमा करील, आम्ही नाही. पण याचा व्यवहारात अर्थ काय होतो? 'तुझं तू बघ.' याजकांनी यहूदाला जे सांगितलं तेच, फक्त जास्त सभ्य भाषेत. उलट नुसत्या शिफारसपत्रांचा मार्ग म्हणजे जखम न धुताच वरून पट्टी बांधणं. सिप्रियनने दोन्ही टाळलं. त्याने दार उघडं ठेवलं आणि उंबराही ठेवला. आणि जो लपला होता म्हणून हिणवला गेला, तोच सिप्रियन १४ सप्टेंबर २५८ रोजी श्रद्धेसाठी शिरच्छेदाला सामोरा गेला.

क्षमा, भरपाई आणि पद

इथे श्रोत्यांकडून चिठ्ठी आली आहे. प्रश्न रास्त आहे : असं असेल तर गुन्हा करावा, रडावं आणि मोकळं व्हावं, असं नाही का होणार? आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?

आम्ही महाविद्यालयात शिकवत असू तेव्हाही हा प्रश्न हमखास येई. उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, आपण त्यांची गल्लत करतो.

पहिली, परिणाम. दावीदाला क्षमा झाली, पण कर्माची फळं टळली नाहीत; त्याच्या घरात दुःखाची रांग लागली. क्षमा झाली म्हणजे कायद्याने होणारी शिक्षा रद्द झाली, असा निष्कर्ष शास्त्रातून निघत नाही.

दुसरी, भरपाई. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय आठवा. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांच्या तळतळाटाचा धनी. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने उभं राहून सांगितलं : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यावीत असं आहे. जक्कय तोच कडक हिशेब स्वतःला लावतो. क्रम मात्र बघा. त्याने भरपाई केली म्हणून येशू घरी आला नाही. येशू घरी आला म्हणून त्याची मूठ सुटली. कृपा आधी, भरपाई नंतर. पण भरपाई आहेच. यहुदी परंपरेत, मिश्नेमध्ये, स्पष्ट सांगितलं आहे की माणसामाणसांतल्या अपराधाचं प्रायश्चित्त, ज्याला दुखावलं त्याची समजूत घातल्याशिवाय होत नाही. डोंगरावरच्या प्रवचनातही हेच : वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा.

तिसरी गोष्ट, पद. सिप्रियनच्याच काळात स्पेनमधल्या दोन बिशपांचं प्रकरण कार्थेजला आलं. त्यांनी छळात दाखले घेतले होते आणि आता पुन्हा बिशप म्हणून राहायचं होतं. उत्तर गेलं : पश्चात्तापी म्हणून त्यांना मंडळीत जागा आहे, बिशपच्या आसनावर नाही. हे आजही फार उपयोगी आहे. कोणत्याही धर्मसंस्थेत अधिकाऱ्याने दुबळ्यांचा गैरफायदा घेतला आणि मग 'क्षमा करा ना, तुमचा धर्मच तसं सांगतो' म्हणत तीच खुर्ची मागितली, तर त्याला ही सतराशे वर्षांपूर्वीची ओळ दाखवावी. घरात जागा मिळणं आणि किल्ल्या हातात मिळणं या दोन गोष्टी आहेत.

मग पेत्राला पद कसं परत मिळालं? कोणी विचारील. त्याचं उत्तर असं की ज्याला नाकारलं त्यानेच ते दिलं. पेत्राने मागितलं नव्हतं. अपराध्याने स्वतःच स्वतःची पुनःस्थापना लिहून घ्यायची नसते. आणि दुखावलेल्याच्या वतीने तिसऱ्यानेच ती परस्पर वाटायचीही नसते.

डिट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७च्या आपल्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा, म्हणजे स्वस्त कृपा. हिटलरच्या राजवटीला विरोध केला म्हणून ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी झाली. चिठ्ठीतल्या प्रश्नाला त्याच्या शब्दाइतकं नेमकं उत्तर दुसरं नाही.

दारातला भाऊ

शेवटी सगळ्यांच्या परिचयाचा उधळ्या पुत्राचा दाखला. त्याच्या एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो आणि थांबू. डुकरं राखताना मुलगा शुद्धीवर येतो आणि बापापुढे काय बोलायचं ते मनात जुळवतो. त्यात तीन वाक्यं आहेत : मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेव. घरी पोहोचल्यावर तो पहिली दोन म्हणतो. तिसरं त्याच्या तोंडून येतच नाही. बापाने त्याआधीच झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगितलेलं असतं. मजूर म्हणून राहण्याचा करार त्याला मांडताच येत नाही. आपण पुष्कळदा देवाशी असाच सौदा ठरवून जातो, की आता पूर्वीसारखं नको, कुठेतरी कोपऱ्यात ठेव. दाखला सांगतो की बाप हा सौदा ऐकून घेत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. मोठा भाऊ शेतावरून येतो, गाणं-बजावणं ऐकतो आणि रागावून बाहेरच उभा राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत घालतो. मग तो आत गेला का? लूक सांगत नाही. गोष्ट तिथेच तोडली आहे.

आम्हाला वाटतं, ती मुद्दामच तोडली आहे. धाकट्याला बापाने आत घेतलं, ते झालं. पण उद्या सकाळी त्याच घरात, त्याच चुलीपाशी, या दोघा भावांना एकमेकांसमोर बसायचं आहे. देव पुनःस्थापना करतो असं म्हणणाऱ्या प्रत्येक मंडळीला, प्रत्येक कुटुंबाला ही न लिहिलेली ओळ स्वतःच लिहावी लागते. कार्थेजने ती एका प्रकारे लिहिली, नोव्हेशियनने दुसऱ्या. आपल्या ओळखीतलाही कोणी तरी आज दाराशी उभा असेल. किंवा दाराबाहेर रुसून उभे असलेले आपणच असू.

पुढच्या वेळी आपण याच धाग्यावरून 'समेट' या संकल्पनेकडे जाणार आहोत. तोवर लूकाचा पंधरावा अध्याय एकदा सावकाश वाचून या.